बारा गावांचे उत्तर

आपल्या राज्यकारभाराच्या भाषेत 'नुकसानभरपाई' हा मोठा आश्वासक शब्द आहे. जे गेले ते मोजता येते, मोजले की त्याची किंमत ठरते, आणि किंमत दिली की नुकसान भरून निघते, अशी तीन गृहीतके या एका शब्दात सामावलेली असतात. शेत गेले तर त्याचे क्षेत्रफळ असते, घर गेले तर त्याचे बांधकाम असते, आंब्याचे झाड गेले तर त्याचे वय आणि उत्पन्न असते. रस्ता रुंद करताना कोणाचे दोन हात अंगण गेले, तर या रीतीने बहुधा न्याय होतो. शासकीय सेवेत असलेल्या माझ्यासारख्याला या पद्धतीची उपयुक्तता ठाऊक आहे, आणि तिची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु अरण्यातला डोंगर खाणीसाठी फोडला जातो आणि त्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींचे जीवन त्यामुळे विसकटते, तेव्हा ही तिन्ही गृहीतके अपुरी पडतात. ती का अपुरी पडतात, आणि मग न्यायाचा दुसरा कोणता मार्ग उरतो, हे आज एका डोंगराच्या उदाहरणाने सांगावयाचे आहे. तो डोंगर म्हणजे ओडिशातील नियमगिरी.

ओडिशाच्या नैर्ऋत्य भागात, रायगडा आणि कालाहांडी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर नियमगिरीची रांग पसरलेली आहे. या रायगड्याचा आपल्या रायगडाशी काही संबंध नाही, एवढे नामसादृश्यामुळे आधीच सांगितलेले बरे. पूर्व घाटाचा हा भाग उंच, दाट झाडीचा आणि झऱ्यांनी समृद्ध आहे. येथे डोंगरिया कोंध नावाची जमात राहते. तिची लोकसंख्या काही हजारांचीच आहे. तिची कुवी ही बोली द्राविडी कुळातील आहे. शासनाच्या वर्गवारीत ही जमात 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' म्हणून नोंदलेली आहे. 'असुरक्षित' हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे दीनवाणे चित्र उभे राहील, परंतु या लोकांची शेती पाहिली तर ते चित्र टिकत नाही. ते डोंगरउतारावर फिरती शेती करतात. तिला तिकडे 'पोडू' म्हणतात. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात 'कुमरी' म्हणत, तिचीच ही बहीण. नाचणीसारखी भरडधान्ये आणि डाळी ते एकाच शेतात मिसळून पेरतात. शिवाय हळद, आले, अननस, केळी, संत्री आणि फणस यांचे उत्पन्न त्यांना मिळते. आठवड्याच्या बाजाराला बायका आणि पुरुष डोक्यावर-खांद्यावर माल घेऊन मुनिगुडा किंवा बिसमकटकला उतरतात, आणि मीठ, कापड, तेल घेऊन परत डोंगर चढतात. त्यांच्या देवाचे नाव नियमराजा. डोंगराचा माथा हे त्याचे स्थान, म्हणून माथ्यावरची झाडे तोडावयाची नाहीत, असा त्यांचा रिवाज आहे.

आता याच माथ्याकडे भूगर्भशास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहू. पूर्व घाटाच्या या भागातील मूळ खडकाला 'खोंडालाइट' असे नाव आहे. हे नाव कोंध लोकांवरूनच पडले आहे. शास्त्राने खडक ओळखला तो त्यावर राहणाऱ्या माणसांच्या नावाने, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. लक्षावधी वर्षे या खडकावर मोसमी पाऊस कोसळला, त्यातील विरघळणारे घटक वाहून गेले, आणि माथ्यावर ॲल्युमिनियमयुक्त मातीदगडाची एक जाड टोपी शिल्लक राहिली. हेच बॉक्साइट. ते सच्छिद्र असते. पावसाळ्यात ते पाणी पिऊन घेते आणि पुढे महिनोन्‌महिने डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने सोडीत राहते. म्हणून वैशाखातही या डोंगरावरचे कित्येक झरे वाहत असतात. त्यांचे पाणी पुढे वंशधारा नदीला मिळते, आणि ती नदी आंध्र प्रदेशातील श्रीकाकुळम जिल्ह्याची शेते भिजवून बंगालच्या उपसागराला जाते. डोंगरिया कोंधांना आपल्या बॉक्साइटचे रासायनिक सूत्र माहीत नसेल, परंतु माथा राखला तर पाणी राहते, हे त्यांना माहीत होते. त्यांच्या धर्माने जो नियम घालून दिला, तोच त्या डोंगराच्या जलव्यवस्थेचाही नियम होता.

या माथ्यावर ७ कोटी टनांहून अधिक बॉक्साइट आहे, असा अंदाज झाला. २००३ साली ओडिशा सरकार आणि वेदान्त समूहाची कंपनी यांच्यात करार झाला. माथ्यावरील सुमारे ६६० हेक्टर क्षेत्रात खाण काढावयाची आणि पायथ्याशी लांजिगड येथे वर्षाला १० लाख टन अल्युमिना काढणारा शुद्धीकरण कारखाना उभारावयाचा, अशी योजना होती. यात क्रम कसा उलटा झाला ते पाहा. खाणीला वनखात्याची अंतिम मंजुरी मिळालेली नसतानाच पायथ्याचा कारखाना उभा राहिला. किनारी नावाचे गाव त्यासाठी उठले आणि तेथील कुटुंबांना नव्या वसाहतीत हलविण्यात आले. कोट्यवधी रुपये खर्चून कारखाना बांधून झाल्यावर डोंगराविषयी जो प्रश्न विचारला जातो, तो खरा प्रश्न राहत नाही. 'आता एवढे झाले आहे, तर पुढचेही होऊ द्या,' असे उत्तर त्यात आधीच लिहिलेले असते. मोठ्या प्रकल्पांच्या संदर्भात हे वारंवार घडते, आणि त्याला नेहमी कोणाचा कुटिल हेतूच कारण असतो असेही नाही. वेळापत्रकाची घाईदेखील तेच काम करते.

बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम कसे होते, हेही थोडक्यात समजून घ्यावयास हवे, कारण नुकसान केवळ माथ्यावर होत नाही. बॉक्साइट दळून ते गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात विरघळवितात. त्यातून अल्युमिना वेगळा निघतो, आणि उरतो तो लाल चिखल. एक टन अल्युमिन्यामागे साधारण एक ते दीड टन लाल चिखल तयार होतो. तो क्षारयुक्त असतो, अंगाला लागला तर भाजतो, आणि शेतात गेला तर जमीन नासवतो. त्यासाठी मोठमोठे तलाव बांधावे लागतात आणि ते कायम सांभाळावे लागतात. हंगेरीतील आयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी अशा एका तलावाची भिंत फुटली. लाल चिखलाचा लोंढा गावांत घुसला आणि दहा माणसे प्राणास मुकली. पुढे अल्युमिन्यापासून धातू काढताना एका टनाला चौदा-पंधरा हजार युनिट वीज लागते. म्हणजे एका डोंगराच्या खाणीमागे कोळशाची दुसरी खाण, राखेचे तलाव आणि एखादे धरणही उभे असते. आपल्या स्वयंपाकघरातील हलके, चकचकीत पातेले इतक्या दूरवरून आलेले असते.

मग येथे नुकसान कोणते आणि ते नोंदवावयाचे कोठे? भूसंपादनाच्या तक्त्यात जमीनधारकाचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, झाडे, विहिरी आणि बांधकाम असे रकाने असतात. डोंगरउतारावरील फिरत्या शेतीची बहुतेक ठिकाणी रीतसर मोजणीच झाली नाही. ती जमीन सरकारी किंवा वनजमीन म्हणून कागदावर चढली. त्यामुळे जी जमीन माणसे शेकडो वर्षे कसत आली, तिच्यापुढे त्यांचे नाव नाही. पडीक टाकलेले शेत हे त्यांच्या शेतीचा पुढच्या वर्षांसाठी राखलेला भाग असतो. आपल्या कागदाला मात्र ते ओसाड दिसते. विहीर रकान्यात बसते, झरा बसत नाही, कारण झरा कोणी खोदलेला नसतो. मोहाची फुले, कंद, मध, औषधी मुळ्या आणि सरपण ही बहुतांशी बायकांच्या हातची मिळकत. तिची पावती कोठेच फाडली जात नाही. भरपाईची रक्कम बहुधा पुरुषाच्या खात्यात जमा होते, आणि वर्षा-दोन वर्षांत ती संपते. माथ्यावरचा देव तर रकान्यात येऊच शकत नाही. एखादे बांधलेले देऊळ असेल तर त्याचे स्थलांतर करता येते. परंतु ज्या समाजाने डोंगरालाच देऊळ मानले, त्याच्या देवाचे स्थलांतर कसे करावयाचे?

हे सारे कल्पनेतले भय नाही. छत्तीसगडमधील दंतेवाड्याजवळ बैलाडीला नावाची डोंगररांग आहे. तेथील उत्तम प्रतीचे लोखंडी खनिज १९६८ पासून निघत आहे. त्यासाठी किरंदुलपासून विशाखापट्टणमच्या बाजूला डोंगरदऱ्या ओलांडणारा लोहमार्ग बांधला गेला, आणि खनिज जपानला जाऊ लागले. स्थापत्याच्या दृष्टीने तो मार्ग अभिमानास्पद आहे, आणि ही खाण सार्वजनिक क्षेत्रातील आहे. तरीही खनिज धुऊन उरलेला बारीक गाळ शंखिनी नदीत उतरला, तिचे पाणी अनेक वर्षे लाल वाहिले, आणि काठावरच्या गावांचे पिण्याचे पाणी, मासे आणि शेते त्यात गेली. या गावांपैकी पुष्कळांची एक गुंठाही जमीन संपादित झालेली नव्हती. मग भरपाई मागावयाची तरी कशाच्या आधारावर? नुकसान झालेला माणूस प्रकल्पग्रस्तांच्या यादीत असतोच असे नाही. पाणी ज्या दिशेने वाहते त्या दिशेने नुकसानही वाहते, आणि ती दिशा यादी करणाऱ्याच्या हातात नसते.

सामाजिक हानी याहून सावकाश होते, म्हणून ती कमी दिसते. खाणीबरोबर रस्ता येतो, मजुरांचे तांडे येतात, दारूची दुकाने येतात. जो स्वतःच्या शेताचा धनी होता तो रोजंदारीवरचा कामगार होतो, आणि यंत्रे आली की ते कामही कमी होते. बोली हळूहळू घरातून जाते. तरुण आणि वृद्ध यांच्यात दुरावा पडतो. खाणीच्या बाजूचे आणि विरोधातले असे गावात दोन तट पडतात. कधी प्रकरण हिंसेवर येते. रायगडा जिल्ह्यातच काशीपूर भागातील माईकांच येथे १६ डिसेंबर २००० रोजी बॉक्साइट प्रकल्पाला विरोध करणाऱ्या आदिवासींवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि तिघे मृत्युमुखी पडले. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ८.६ टक्के आहे. निरनिराळ्या प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्यांत मात्र त्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. राष्ट्राच्या उभारणीसाठी सर्वांनी त्याग करावा हे मान्य केले, तरी त्यागाची ही वाटणी सम आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही.

श्रोतेहो, या बाबतीत आपल्या राज्यघटनेने आणि कायद्याने काहीच विचार केला नव्हता, असे मात्र नाही. घटनेच्या पाचव्या अनुसूचीने आदिवासी प्रदेशांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पंडित नेहरूंनी १९५८ साली व्हेरिअर एल्विन यांच्या ग्रंथाला लिहिलेल्या प्रस्तावनेत जी पाच तत्त्वे मांडली, त्यांत आदिवासींच्या जमिनीवरील आणि अरण्यावरील हक्कांचा आदर राखण्याचे तत्त्व होते. १९६० साली नेमलेल्या ढेबर आयोगाने मोठ्या प्रकल्पांमुळे उठलेल्या आदिवासींच्या प्रश्नाची चिकित्सा केली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील 'समता' खटल्यात, अनुसूचित क्षेत्रातील जमीन खाजगी कंपन्यांना खाणीसाठी भाडेपट्ट्याने देण्यास प्रतिबंध केला. १९९६ चा पंचायत विस्तार कायदा, ज्याला आपण 'पेसा' म्हणतो, आणि २००६ चा वनहक्क कायदा या दोहोंनी ग्रामसभेला स्थान दिले. वनहक्क कायद्याने तर आपले अरण्य, जलस्रोत आणि सांस्कृतिक वारसा राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. अर्थात शब्द उत्तम होते. प्रश्न एवढाच होता, की प्रत्यक्ष एखादा मोठा प्रकल्प समोर उभा राहिला, तर हे शब्द टिकतील काय?

नियमगिरीत तो प्रसंग आला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने काही अटींवर वनजमीन देण्यास अनुमती दिली होती. नंतर केंद्र सरकारने नेमलेल्या, एन. सी. सक्सेना यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०१० मध्ये अहवाल दिला आणि वनहक्क कायद्याचे पालन झाले नसल्याचे दाखवून दिले. त्याच महिन्यात पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी अंतिम मंजुरी नाकारली. ओडिशा खाण महामंडळ न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला, तो मला आपल्या प्रशासनाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा वाटतो. न्यायालयाने खाण हवी की नको हे स्वतः ठरविले नाही. डोंगरावरील लोकांचे वनहक्क आणि नियमराजाच्या उपासनेचा हक्क यांवर खाणीचा परिणाम होतो काय, याचा विचार ग्रामसभांनी करावा, आणि तेथे जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा न्यायिक अधिकारी निरीक्षक म्हणून उपस्थित राहावा, असे सांगितले.

राज्य सरकारने बारा गावे निवडली. त्यांतील सात रायगडा जिल्ह्यातील होती आणि पाच कालाहांडी जिल्ह्यातील. डोंगरावर शंभराहून अधिक वस्त्या असताना बाराच का, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला, आणि तो गैरलागू नव्हता. पहिली सभा १८ जुलै २०१३ रोजी सेरकापाडी येथे झाली, शेवटची १९ ऑगस्टला जरपा येथे. दिवस भर पावसाळ्याचे. न्यायाधीश, महसुली अधिकारी, पोलीस आणि पत्रकार चिखल तुडवीत वस्त्यांवर पोहोचले. स्त्रिया आणि पुरुष आपल्या भाषेत बोलले, त्याचे भाषांतर झाले, इतिवृत्त लिहिले गेले, त्याखाली सह्या आणि अंगठे उठले. कोणत्या विशिष्ट जागी पूजा होते आणि तिचे क्षेत्र किती, हे निश्चित करण्याचा प्रयत्न अधिकाऱ्यांनी केला होता. गावांनी ती विभागणी मानली नाही. सगळा डोंगरच देवाचा आहे, त्याचा तुकडा पाडून दाखविता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. आणि बाराच्या बाराही गावांनी खाणीला नकार दिला.

जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने त्या निर्णयानुसार खाणीची मंजुरी अखेर नाकारली. ग्रामसभा पुन्हा घ्याव्यात, अशी मागणी घेऊन राज्याचे महामंडळ न्यायालयात गेले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ऐकून घेण्यास नकार दिला. पायथ्याचा कारखाना बॉक्साइटअभावी डिसेंबर २०१२ पासून काही महिने बंद पडला होता. पुढे तो दुसरीकडून कच्चा माल आणून चालू झाला आणि वाढलाही. म्हणजे नियमगिरीचा माथा फोडला नाही, तर कारखाना चालणारच नाही, हे म्हणणे खरे ठरले नाही.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. देशाला ॲल्युमिनियम हवे आहे. विजेच्या तारा, रेल्वेचे डबे, विमाने, औषधांची वेष्टने यांना ते लागते. बारा लहानशा वस्त्यांनी साऱ्या देशाची गरज अडवून धरावी काय? मी ही शंका हलकी मानीत नाही. परंतु गरजेचा हिशेबही पुरता मांडावयास हवा. लांजिगडच्या कारखान्याची क्षमता १० लाख टनांवरून ६० लाख टनांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव त्या काळी होता. एक टन अल्युमिन्याला सुमारे तीन टन बॉक्साइट लागते असे धरले, तर त्या वाढीव क्षमतेने नियमगिरीचा साठा चार वर्षांत संपला असता. चार वर्षांच्या कच्च्या मालासाठी जे जाणार होते, ते घडायला लक्षावधी वर्षे लागली होती. शिवाय ॲल्युमिनियम हा पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येणारा धातू आहे. जुन्या भांड्यांतून आणि तारांतून तो परत काढावयास नव्या धातूच्या मानाने सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. गरज ही एकच मोजावी आणि पर्याय मोजूच नयेत, याला हिशेब म्हणत नाहीत. आणि देशात तो डोंगरही येतो, त्यावरचे लोकही येतात. त्यांना बाजूला ठेवून जी गरज ठरते तिला देशाची गरज म्हणणे धाडसाचे आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१५ साली खाण कायद्यात सुधारणा होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. खाणमालकाने द्यावयाच्या स्वामित्वशुल्काच्या दहा ते तीस टक्क्यांइतकी रक्कम खाणबाधित भागासाठी त्यांत जमा होते. पाणी, दवाखाने, शाळा यांसाठी हा पैसा नीट खर्च झाला तर त्याचे स्वागतच करावे. जेथे खाणी अगोदरच आहेत, तेथे असा निधी पूर्वीच हवा होता. परंतु निधी येतो तो घाव झाल्यानंतर. तो संमतीची जागा घेऊ शकत नाही. दवाखाना बांधून देतो म्हणून विहिरीत विष कालवू द्या, असे आपण आपल्या गल्लीत कोणालाही म्हणू देणार नाही.

नियमगिरीचे उदाहरण मोलाचे आहे ते याच कारणासाठी. जे नुकसान आपल्या तक्त्यात मावत नाही, ते मोजण्याचे एकच साधन आहे: ज्याचे नुकसान होणार त्याला आधी, त्याच्या भाषेत, निर्भय वातावरणात विचारणे, आणि तो जे सांगेल ते जसेच्या तसे लिहून घेणे. ते साधन उपलब्ध आहे आणि ते चालते, हे २०१३ च्या पावसाळ्यात सिद्ध झाले. पण हेच साधन नकलीही होऊ शकते. बैलाडीलाच्या रांगेतील नंदराज डोंगरावर नवी खाण काढण्यासाठी हिरोली गावाच्या २०१४ च्या ग्रामसभेची संमती दाखविण्यात आली होती. अशी सभा झालीच नाही, असे सांगत जून २०१९ मध्ये हजारो आदिवासी किरंदुलला जमले. तेव्हा राज्य सरकारला काम थांबवून चौकशीचा आदेश द्यावा लागला. नियमगिरीपासून फार दूर नसलेल्या सिजिमाली डोंगरावर बॉक्साइटसाठी २०२३ साली ज्या ग्रामसभांचे ठराव पुढे आले, त्यांविषयीही गावकऱ्यांनी अशीच तक्रार केली आहे. २०२२ च्या नव्या नियमांनी तर वनहक्कांची पूर्तता पाहण्याचे काम केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यांकडे सोपविले. अनुसूचित जमाती आयोगाने त्यावर आक्षेप घेतला होता. आधी मंजुरी आणि मग विचारणा हा क्रम लांजिगडमध्ये आपण एकदा पाहिलेला आहे.

हा प्रश्न आपल्या दारापासून दूर आहे, असेही कोणी समजू नये. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे डोंगर उत्तम लोखंडी खनिजाचे आहेत आणि तेथील माडिया गोंडांच्या दृष्टीने ते ठाकूरदेवाचे स्थान आहेत. तेथील खाणपट्टा २००७ साली दिला गेला. परिसरातील ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. एका बाजूला नक्षलवाद्यांची हिंसा आणि दुसऱ्या बाजूला बंदोबस्त, यांच्या मध्ये सामान्य गावकरी सापडला. २०२१ पासून खाणीचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. काही तरुणांना रोजगार मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. त्याच वेळी अवजड वाहनांची रांग, धूळ आणि गढूळ नाले यांच्या तक्रारीही आल्या. त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या लहान गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर अरण्यावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावाने आपल्या सभेत चर्चा करून, एकमताने निर्णय घेऊन आपला बांबू विकला आणि अरण्यही राखले. एकाच जिल्ह्यात हे दोन्ही प्रयोग डोळ्यांसमोर आहेत. निबिड अरण्यातील निरक्षर माणसांना हिशेब समजत नाही, हा आपला समज मेंढा-लेखाने आणि नियमगिरीने खोटा पाडला आहे.

माझ्यासारख्या लेखणी चालविणाऱ्या माणसांच्या हाती या बाबतीत थोडेच असते, परंतु जे असते ते महत्त्वाचे असते. सभा खरोखर झाली काय, गणपूर्ती होती काय, प्रस्ताव लोकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखविला काय, बायकांना बोलू दिले काय, 'नाही' हा शब्द 'नाही' असाच लिहिला काय, हे सारे एका साध्या इतिवृत्तात असते. ते लिहिणारा ग्रामसेवक, तपासणारा तहसीलदार आणि त्यावर शिक्का मारणारा जिल्हाधिकारी ही माणसे प्रामाणिक राहिली, तर कायद्याचे शब्द टिकतात. ती नमली, तर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयही दप्तरात पडून राहतो.

आणि श्रोत्यांच्या हाती काय आहे? निदान एवढे की, एखाद्या डोंगरात अमुक कोटी टन संपत्ती सापडली अशी वार्ता कानी पडली, तर ती कोणाच्या डोईवर आहे आणि त्यांना कोणी विचारले काय, असे आपण विचारावे. नियमगिरीच्या बारा गावांनी दिलेले उत्तर त्यांच्यापुरते होते. दुसऱ्या एखाद्या डोंगरावरचे लोक कदाचित वेगळे उत्तर देतील, आणि ते त्यांनी मोकळेपणाने दिले असेल तर तेही आपण मानावे. पण उत्तर त्यांचे असावे, आणि यंत्रे डोंगर चढण्यापूर्वी ते घेतलेले असावे.